सुरीसाठी चामड्याचे पहिले म्यान: आखणीपासून वाळवण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: न मिटणारी एक सुरी आहे. पाते १० सेंमी लांब, २४ मिमी रुंद, पाठीकडे ३ मिमी जाड, मूठ लाकडी. सोबत आलेले नायलॉनचे कव्हर फाटले आहे. चामड्याचे काम पूर्वी कधी केलेले नाही, यंत्र नाही. कमरेच्या पट्ट्यात अडकवता येईल असे म्यान घरी जमेल का?

जमेल. यंत्र नाही याची खंत नको, कारण घरगुती शिलाई मशीन ९ मिमी जाडीच्या तीन थरांतून सुई घालूच शकत नाही. हे काम हातानेच होते. नवख्या माणसाला धास्ती असते ती शिवणीची, पण पहिले म्यान वाया जाते ते बहुतेक वेळा आखणी चुकल्यामुळे, नाहीतर दोन थरांमध्ये घालायची पट्टी नीट न बसल्यामुळे. टाके थोडे वाकडे गेले तर म्यान दिसायला ओबडधोबड होईल, एवढेच. पट्टी चुकली तर धार दोरा कापेल आणि सुरी मांडीपर्यंत पोचेल.

पहिल्या म्यानासाठी सर्वांत सोपी रचना घ्या: एकच तुकडा, सुरीच्या पाठीकडे घडी, धारेकडे शिवण. मुठीचा निम्मा भाग आत जाईल एवढी खोली ठेवा. वरून बटणाचा पट्टा लागत नाही, चामडे मुठीला धरून ठेवते.

चामडे

झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले चामडेच हवे, ३ ते ३.५ मिमी जाडीचे. कोल्हापुरी चपलांचे चामडे पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचे. ते ओले केले की मऊ पडते आणि वाळले की दिलेला आकार धरून ठेवते. म्यानाचा सगळा भरवसा या गुणावर आहे. बॅगा, जॅकेट आणि बहुतेक बुटांच्या वरच्या भागासाठी येते ते क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे. ते मऊ आणि रंगीत असते, मोहात पाडते, पण आकार धरत नाही. शिवाय त्यातले क्षार पात्याला गंज आणू शकतात.

दुकानदार काहीही सांगो, तुकडा स्वतः तपासा. कापलेली कड बघा: सालीचे चामडे आरपार तपकिरी-बदामी दिसते, क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर-करडी झाक असते. पाण्याचा थेंब टाका: सालीचे चामडे तो पटकन पिते आणि तिथे गडद होते. तरी शंका राहिली तर करंगळीएवढी पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. सालीचे चामडे आकसून वळते, क्रोमचे जवळपास तसेच राहते. पोटाकडचा भाग स्वस्त मिळतो पण तो ताणतो, म्हणून पाठीचा किंवा खांद्याचा मागा. चपलेच्या तळव्याचे ५ मिमीचे चामडे घेऊ नका, ते घडीवर तडकते आणि त्यातून आरी (छिद्र पाडायची चांभारांची टोकदार सळई) घालताना हात भरून येतात.

ए-४ कागदाएवढा एक तुकडा पुरतो. मुंबईत धारावीत कापलेले तुकडे विकणारी दुकाने आहेत. कोल्हापुरात चपला करणाऱ्या कारागिरांकडे विचारलेत तर उरलेला तुकडा मिळण्याची शक्यता बरीच असते.

बाकी सामान: १ मिमी जाडीचा मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, बोथट टोकाच्या दोन जाड सुया, चांभारांकडे असते ते पिवळे रबरी सोल्यूशन, नवे पाते घातलेला कटर, पोलादी पट्टी, कंपासपेटीतला डिव्हायडर, ८०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर, थोड्या बुलडॉग क्लिपा आणि १.५ मिमीच्या बिटचे ड्रिल. रापी (चामडे कापायचे चांभारांचे रुंद पात्याचे हत्यार) हाताळायची सवय असेल तर उत्तम. नसेल तर कटर चालतो. महागडे छिद्रयंत्र घेऊ नका. त्याचे दात ९ मिमीच्या थरातून पार होत नाहीत आणि अर्ध्यावर अडकलेले दात उपसताना आधी पाडलेली छिद्रे फाटतात.

आखणी

जाड कागद मध्ये दुमडा. सुरीची पाठ घडीला लावून ठेवा आणि बाह्यरेषा काढा. आता या रेषेबाहेर किती जागा सोडायची, हा खरा प्रश्न. "एक बोट सोडा" हा सल्ला सर्रास मिळतो. पात्यापाशी तो कसाबसा चालतो, मुठीपाशी हमखास फसतो, कारण मूठ गोल आहे आणि चामड्याला तिला वळसा घालून यायचे असते.

मुठीसाठी हिशोब असा. मूठ जिथे सर्वांत जाड आहे तिथे दोऱ्याने घेर मोजा. समजा मूठ २८ मिमी उंच आणि २० मिमी जाड आहे, तर घेर सुमारे ७६ मिमी येतो. त्याचा निम्मा ३८. त्यात चामड्याच्या जाडीचे ४ मिमी मिळवा. जाड वस्तू वळते तेव्हा आतली बाजू आकसते आणि बाहेरची ताणते, लांबी कायम राहते ती मधल्या थराची, म्हणून हे जादाचे ४ मिमी लागतात. मग मधल्या पट्टीचे १० मिमी. बेरीज ५२. घडीच्या रेषेपासून ५२ मिमीवर मुठीपाशी बाहेरची कड येईल. पात्यापाशी रुंदी २४, वळणाचे ४, पट्टीचे १०, म्हणजे ३८ मिमी. या दोन मापांना सौम्य वक्राने जोडा. तिथे कोपरा ठेवू नका, कोपऱ्यात शिवण ताण घेते. टोकाच्या खाली १५ मिमी सोडा: ५ मिमी मोकळी जागा आणि १० मिमी पट्टी.

ही झाली तयार म्यानाची कड. कापताना मात्र सगळीकडे २ मिमी जास्त ठेवा. ते शेवटी घासून जाणार आहेत.

कागद कापून क्लिपा लावा आणि पट्ट्याशी धरून बघा. सुरी ज्या हाताने काढणार त्याच बाजूला, चार-पाच वेळा काढून-घालून. कागदावर पुढची बाजू कोणती आणि अंगाकडची कोणती हे आत्ताच लिहा. नमुना चामड्यावर उलटा पडला की उजव्या हाताचे म्यान डावखुऱ्याचे होते, आणि हे लक्षात येते ते पट्ट्याची लूप शिवून झाल्यावर. कागद पुरेसा वाटला तरी एकदा जाड फेल्टचा किंवा जुन्या गालिच्याचा नमुना करून बघायला हरकत नाही, कारण कागदाला जाडी नसते आणि सगळी गडबड जाडीचीच आहे.

मधली पट्टी

धारेकडच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची एक पट्टी जाते. धार या पट्टीच्या आतल्या कडेला टेकते, दोऱ्याला लागत नाही. पट्टी नसेल तर सुरी प्रत्येक वेळी आत जाताना टाके थोडेथोडे कापत जाते. बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी शिवण उसवते.

पट्टीची जाडी पात्याच्या पाठीएवढी असावी. पाते ३ मिमी असेल तर त्याच चामड्याची पट्टी चालते. ५ मिमी जाडीच्या पात्याला दोन पट्ट्या एकावर एक चिकटवाव्या लागतात, नाहीतर म्यान टोकापर्यंत फुगते आणि जोडाच्या कडा एकमेकींना नीट टेकत नाहीत.

सरळ पट्टी कापून वक्रावर वाकवू नका. नमुन्याचाच वक्र घेऊन पट्टी तशीच आकारात कापा. रुंदी सगळीकडे १० मिमी, पण एका ठिकाणी १४: पात्याची धार जिथे संपते आणि मूठ सुरू होते, त्या टाचेपाशी. तिथे पट्टी आत डोकावली की मुठीचा खालचा भाग तिच्यावर येऊन थांबतो. सुरी कुठे थांबते हे म्यानाच्या आयुष्याचे गणित आहे. ती मुठीवर थांबली पाहिजे. टोकावर थांबली तर टोक तळ भोसकते, धारेवर थांबली तर रोज पट्टी कापली जाते.

टोकाकडे पट्टी जिथे घडीला भिडते तिथे शेवटचे १५ मिमी उतरते छिलून शून्यावर आणा. हे न केल्यास टोकाशी एक भोक राहते. काहींना ते पाणी निथळायला हवे असते, पण त्यासाठी तळाशी ३ मिमीचे स्वच्छ छिद्र पाडलेले बरे. पावसाळी ट्रेकला वापरायचे असेल तर ते पाडाच.

कापणे आणि जोडणी

चामडे गुळगुळीत बाजू वर ठेवून कापा. एका झटक्यात आरपार कापायला जाऊ नका; त्याच रेषेवरून तीन वेळा, कटर उभा धरून. कटर कलला तर वरच्या आणि खालच्या कडेत २ मिमीचा फरक पडतो आणि पुढे घासण्यात अर्धा दिवस जातो.

रंग द्यायचा असेल तर आत्ता, सोल्यूशन लावण्यापूर्वी. जिथे सोल्यूशनचा थेंब पडतो तिथे रंग आत शिरत नाही आणि तो फिका डाग कायमचा राहतो. पहिल्या म्यानाला रंग न देता नैसर्गिक ठेवावे असे मला वाटते. वापराने ते आपोआप मधासारखे गडद होते आणि हातून झालेल्या खाणाखुणा त्यात मुरतात.

आता लूप. ही आधी शिवायची, कारण म्यान दुमडल्यावर आत सुई जात नाही. ३० मिमी रुंद आणि १६० मिमी लांब पट्टी घ्या. ४० मिमीच्या पट्ट्यासाठी आतून ५५ मिमी उंचीची लूप होते आणि दोन्ही टोकांना २५-२५ मिमी शिवायला उरतात. ही टोके निम्म्या जाडीपर्यंत छिला, एकावर एक ठेवा आणि अंगाकडच्या बाजूवर, तोंडाच्या थोडे खाली, चौकोनी शिवण घाला. टाक्यांच्या गाठी आत राहतात, त्या हातोडीने ठोकून सपाट करा. रिव्हेट ठोकणार असाल तर त्याचे आतले डोके पात्याला ओरखडे पाडते, त्यावर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा.

मग घडी. घडीच्या रेषेवर आतल्या बाजूने स्पंज ओला करून फिरवा, पाच मिनिटे मुरू द्या आणि हळूहळू दुमडा. कोरडे चामडे दुमडले तर वरच्या थराला बारीक तडे जातात आणि ते कशानेही बुजत नाहीत. घडी चिमटून धारदार करू नका. आत ३ मिमीची लाकडी पट्टी ठेवून क्लिपा लावा. घडी पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या चामड्यावर सोल्यूशन धरत नाही.

मधल्या पट्टीची एक बाजू गुळगुळीत असते. ती ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करा, नाहीतर तो जोड सुटणारच. सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला चिकटेनासे झाले की जोडा आणि हातोडीने ठोका. ओले असताना जोडणे ही घाई जवळपास सगळे करतात आणि मग जोड धरत नाही अशी तक्रार येते. आधी पट्टी एका बाजूला चिकटवा. दुसरी बाजू बंद करण्याआधी नुसत्या क्लिपा लावून सुरी आतबाहेर करून बघा. ती कुठे अडत असेल तर पट्टी आतून छिलायची ही शेवटची संधी.

सगळे चिकटल्यावर कड ८० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासून तिन्ही थर एकसंध करा. हे शिवण्यापूर्वीच करायचे, कारण शिवणीची रेषा या कडेवरूनच मोजायची आहे.

शिवण

डिव्हायडर ४ मिमीवर उघडा आणि एक टोक कडेवरून सरकवत दुसऱ्याने रेष ओढा. त्याच मापाने रेषेवर छिद्रांच्या खुणा चालवत न्या. कडेपासून ४ मिमी म्हणजे १० मिमीच्या पट्टीत दोऱ्याच्या आतल्या बाजूला ६ मिमी चामडे धारेसमोर उभे राहते. शिवण याहून आत घेऊ नका.

छिद्रे ड्रिलने, खाली सपाट लाकूड ठेवून, बिट काटकोनात धरून. आरीने पाडलेले छिद्र जास्त चांगले, कारण आरी चामडे बाजूला सारते, ड्रिल ते काढून टाकते. पण ९ मिमीच्या थरातून आरी सरळ नेणे हे सवयीचे काम आहे आणि आरी कलली की मागच्या बाजूची रेषा सापासारखी दिसते. पहिल्या म्यानाला ड्रिल, ते उभ्या स्टँडवर असेल तर फारच छान.

दोरा किती? "शिवणीच्या चौपट" हा नियम पातळ चामड्याचा आहे. इथे हिशोब वेगळा: प्रत्येक टाक्याला प्रत्येक सुई ४ मिमी पुढे जाते आणि जवळजवळ १० मिमी जाडी पार करते, म्हणजे १४ मिमी. १७० मिमीच्या शिवणीत ४२ टाके, म्हणजे एका सुईला सुमारे ६० सेंमी, दोन्हींना १२० सेंमी. उलटे टाके आणि हातात धरायला उरणारी शेपूट धरून २ मीटर घ्या. चौपट घेतलात तर म्यानाच्या मध्यावर दोरा संपेल.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. तोंडाकडून सुरुवात करा: तिसऱ्या छिद्रातून दोरा ओवून दोन्ही बाजू समान करा, तोंडापर्यंत उलटे या, मग पुढे शिवत जा. तोंडापाशी सर्वांत जास्त ताण येतो, तिथे टाके दुहेरी झालेच पाहिजेत. प्रत्येक छिद्रातून आधी उजवी सुई डावीकडे, मग डावी सुई त्याच छिद्रातून उजवीकडे. हा क्रम आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या वर की खाली, हे शेवटपर्यंत बदलू नका. क्रम बदलला की टाक्यांचा कल बदलतो. सुया बोथट असण्याचे कारणही इथेच: टोकदार सुई आधीच्या दोऱ्यात घुसते आणि मग टाका ओढला जात नाही. दोन्ही दोरे एकदम, सारख्या जोराने ओढा. टाका कड दाबून बसला पाहिजे, चामड्यात रुतून सुरकुती पाडू नये. म्यान दोन गुडघ्यांत, दोन फळ्यांमध्ये धरले की दोन्ही हात मोकळे राहतात. शेवटी तीन टाके उलटे घ्या, दोरा २ मिमी ठेवून कापा आणि लायटरने हलकेच वितळवा. सुती किंवा लिननचा दोरा असेल तर वितळवायचे नाही, नुसता तासून कापायचा.

आकार देणे

आधी पात्याला व्हॅसलिन लावा, मग सुरी मुठीसकट क्लिंग फिल्मच्या दोन थरांत गुंडाळा. हा सोपस्कार वाटेल, पण नाही. ओल्या चामड्यातले टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा-निळा डाग पडतो, पात्यावरही आणि चामड्यावरही. याच कारणाने ओल्या चामड्याजवळ पोलादी कीस किंवा गंजलेली क्लिप येऊ देऊ नका. डाग पडलाच तर लिंबाचा रस लगेच चोळून धुतल्यास बराच उतरतो.

म्यान कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की, साधारण अर्ध्या मिनिटात, बाहेर काढा. तासभर भिजवत ठेवलेले चामडे लिबलिबीत होते आणि ताणले जाते. दहा-पंधरा मिनिटे थांबा, वरचा रंग परत फिका होऊ लागला की सुरी आत घाला आणि चमच्याच्या पाठीने मुठीभोवती दाबत चला. सगळा जोर मुठीच्या फुगवट्याच्या वर, जिथे ती बारीक होते तिथे. पकड तिथेच तयार होते. पात्यावर दाबून नक्षीसारखा आकार काढायची गरज नाही. नखे कापून घ्या, ओल्या चामड्यावर नखाची खूण कायम राहते.

अर्ध्या तासाने सुरी काढा आणि म्यान सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. २४ ते ४८ तास लागतात. कोकणातल्या पावसात तीन दिवसही. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही टाळा. ओले चामडे ७०-८० अंशांच्या आसपास आकसते, कडक होते आणि ते पुन्हा मऊ होत नाही. दमट हवेत नुसते बंद खोलीत ठेवले तर पांढरी बुरशी येते, म्हणून पंखा.

वाळल्यावर सुरी घट्ट बसली तर घाबरू नका. क्लिंग फिल्म गुंडाळलेली सुरी आत घालून रात्रभर ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. सैल झाली, उलटे धरून हलवल्यावर खाली पडली, तर फक्त तोंडाचा भाग पुन्हा ओला करून दाबा. तरीही पडत असेल तर मुठीपाशी जागा जास्त सुटली आहे. तिथली शिवण उसवून ती २-३ मिमी आत घ्यावी लागेल. पात्याच्या भागाला हात लावू नका.

कड आणि शेवटचा हात

कड ४०० आणि ६०० नंबरने घासा, दोन्ही बाजूंचे कोपरे किंचित गोल करा. वाण्याकडे मिळणारा कतीरा डिंक रात्रभर पाण्यात फुगवून त्याची पातळ लापशी करा, कडेला लावा आणि जाड सुती कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाने जोरात घासा, चटका बसेपर्यंत. तीन-चार वेळा केले की कडेवर चकाकी येते आणि थर वेगळे दिसत नाहीत. डिंक वरच्या बाजूवर सांडू देऊ नका.

शेवटी मेण असलेल्या लेदर बामचा एक पातळ हात. तेलात बुडवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: म्यानाला कडकपणाच हवा असतो, आणि तेल पिऊन मऊ पडलेल्या म्यानाच्या तोंडाशी चामडे आत वळते, सुरी घालताना धार नेमकी त्याच्यावर येते.

आणि सुरी महिनोन्महिने म्यानात ठेवून देऊ नका, विशेषतः पाते स्टेनलेस नसून कार्बन स्टीलचे असेल तर. चामडे हवेतला ओलावा धरते आणि त्यातले आम्ल पात्याला डंख पाडते; किनाऱ्यालगत तर लवकरच. वापरून झाले की पाते पुसा, तेलाचा थेंब लावा, सुरी कागदात गुंडाळून ठेवा आणि म्यान वेगळे टांगा.